पीटरमन बेटावर पीटरमन कधी गेलाच नाही

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम कडेला विल्हेल्म द्वीपसमूह आहे. त्यात ६५ अंश १० मिनिटं दक्षिण अक्षांशावर पीटरमन नावाचं एक बेट आहे, लांबी जेमतेम दोन किलोमीटर. वस्ती नाही, झाडझाडोरा नाही, हिवाळ्यात भोवतालचं पाणीसुद्धा गोठलेलं. एवढ्याशा जागेचं नाव पक्कं व्हायला मात्र पस्तीसेक वर्षं गेली.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, मोजणीवर झाली. त्यामुळे मुलीनं "बाबा, पेंग्विन बघायला जाऊ या" म्हणून तिकिटं काढली, तेव्हा मी आधी सहलीच्या मार्गाचा नकाशा मागवला. पेंग्विन काय, दिसतीलच. मला कुतूहल होतं ते नावांचं. तिथे मूळ रहिवासी कोणी नाही, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी घोळून गुळगुळीत झालेलं एकही नाव नाही. प्रत्येक नाव कुणीतरी, कुठल्यातरी तारखेला, कागदावर लिहून दिलेलं. कुणी दिलं, का दिलं आणि ते टिकलं का, हे सगळं शोधता येतं. अशी सोय आमच्या खात्यात कधी मिळाली नाही.

रविवार, उशुआया

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या या बंदरात दुपारी जहाजावर चढलो. सामान खोलीत टाकून मुलगी कॉफी प्यायला गेली आणि मी जिन्याजवळच्या भिंतीवरच्या नकाशासमोर उभा राहिलो. शेजारीशेजारी दोन नकाशे लावले होते, एक इंग्रजांचा आणि एक अर्जेंटिनाचा. जमीन तीच, किनारे तेच, नावं वेगळी. इंग्रज ज्याला ग्रॅहम लँड म्हणतात तोच भाग अर्जेंटिनाच्या कागदावर सान मार्तिनची भूमी आहे. चिलीवाले त्यालाच ओ'हिगिन्सची भूमी म्हणतात, आणि अमेरिकन लोक बरीच वर्षं पामर द्वीपकल्प म्हणत होते. १९६४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी आपसात मिटवलं: सगळ्या पट्ट्याला अंटार्क्टिक द्वीपकल्प म्हणायचं, उत्तरेकडचा भाग ग्रॅहम लँड, दक्षिणेकडचा पामर लँड. बाकीच्या दोघांनी आपापली नावं सोडलेली नाहीत.

त्यामागचं कारण उघड आहे. ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली या तिघांचाही या भागावर दावा आहे आणि तिन्ही दावे एकमेकांवर चढलेले आहेत. १९५९ च्या अंटार्क्टिक करारानं ते जागच्या जागी थिजवून ठेवले. कुणी सोडायचे नाहीत, कुणी वाढवायचेही नाहीत. मग उरतं काय, तर नावं. नाव ठेवायला करार आडवा येत नाही. सगळ्या देशांनी दिलेली नावं एकत्र केलेली एक यादी आहे, तिच्यात नावांची संख्या ठिकाणांच्या संख्येच्या जवळजवळ दुप्पट भरते.

सोमवार आणि मंगळवार, ड्रेक सामुद्रधुनी

दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला हा खवळता समुद्र. या दोन दिवसांबद्दल फार लिहीत नाही. जहाज डोलत होतं, मी आडवा होतो, मुलगी आल्याची वडी आणून देत होती.

उठून बसलो तो तपासणीपुरता. अंटार्क्टिकात बाहेरचं बी-बियाणं जाऊ नये म्हणून प्रत्येकाचे कपडे, बॅगा, काठ्या तपासतात. एक मुलगी बारीक तोंडाचा व्हॅक्युम घेऊन बसली होती. खिशांचे कोपरे, जॅकेटच्या मनगटाचं वेल्क्रो, बुटांच्या तळव्याच्या खाचा, सगळं तिनं एकेक करून साफ केलं. माझ्या जुन्या सॅकच्या चेनमध्ये तिला एक कुसळ सापडलं. चिमट्यानं काढून तिनं ते उजेडात धरलं, कुठलं म्हणून विचारलं. कासच्या पठारावरचं असेल नाहीतर आमच्या गावच्या माळावरचं, दुसरीकडे ती सॅक गेलेलीच नाही. तिनं ते कागदाच्या पुडीत बांधून बाजूला ठेवलं. एवढ्या चिवटपणे तपासणी करणारं माणूस मी सरकारी नोकरीतही क्वचित पाहिलं.

संध्याकाळी जहाजावरच्या इतिहासाच्या व्याख्यातीचं भाषण होतं. मी भिंत धरत धरत गेलो, आणि बरं झालं गेलो. पीटरमनची गोष्ट तिथेच सुरू झाली.

ऑगस्ट पीटरमन हा जर्मन भूगोलकार. गोथा या गावी बसून त्यानं आपलं भूगोलाचं नियतकालिक चालवलं आणि त्या काळातले उत्तमातले उत्तम नकाशे छापले. जगभरचे प्रवासी त्याला टिपणं पाठवत आणि तो त्यांचे नकाशे करी. ध्रुवांवर मोहिमा निघाव्यात म्हणून त्यानं लेखण्या झिजवल्या, स्वतः मात्र तो कधी गेला नाही. उत्तर ध्रुवाभोवती बर्फाचं कडं आहे आणि ते ओलांडलं की आत मोकळं, जहाज हाकता येईल असं पाणी आहे, हे त्याचं आवडतं मत. तो १८७८ मध्ये आत्महत्या करून गेला. पुढच्याच वर्षी डी लाँग नावाचा अमेरिकन अधिकारी ते मोकळं पाणी शोधायला 'जेनेट' जहाज घेऊन निघाला. जहाज बर्फात अडकलं, दोन वर्षांनी चिरडलं गेलं, आणि डी लाँगसह वीस माणसं मेली. मोकळं पाणी नव्हतंच.

अशा या घरबशा माणसाचं नाव दक्षिणेतल्या बेटाला दिलं एदुआर्ड डालमन या जर्मन कप्तानानं. १८७३-७४ च्या हंगामात तो 'ग्रोनलांड' जहाज घेऊन देवमासे आणि सील कुठे मिळतात ते बघायला आला होता. अंटार्क्टिकच्या पाण्यात आलेलं हे पहिलं वाफेवरचं जहाज. त्यानं इथे बरीच बेटं टिपली आणि नावं वाटली. द्वीपसमूहाला कैसर विल्हेल्मचं, एका सामुद्रधुनीला बिस्मार्कचं. एका रांगेतल्या तीन बेटांना बूथ, क्रोगमन आणि पीटरमन. यातलं बूथ हे हॅम्बुर्गच्या भूगोल संस्थेतल्या सभासदांचं आडनाव.

ही तीन बेटं लक्षात ठेवा, पुढे त्यांचीच भानगड आहे.

बुधवार, हाफ मून बेट

सकाळी पहिल्यांदा जमिनीला पाय लागले. आकार अर्धचंद्राचा, नावही तेच. चिनस्ट्रॅप पेंग्विन भरपूर. त्यांच्या गळ्याखालून काळी रेघ जाते, हेल्मेटचा पट्टा बांधल्यागत. वास मात्र कुठल्याही चित्रात येत नाही तो असतो. क्रिल नावाची बारीक कोळंबी खाऊन टाकलेल्या गुलाबी विष्ठेचा, आणि तो जॅकेटमध्ये बसतो तो बसतोच. मुलगी खूश होती. नावाच्या दृष्टीनं मला इथे काही काम नव्हतं.

गुरुवार, जेर्लाश सामुद्रधुनी

पहाटे पडदा सरकवला तर दोन्ही बाजूंना डोंगर. डोंगराच्या अंगावरून बर्फ थेट पाण्यात उतरलेला, मध्ये किनारा म्हणावा अशी पट्टीच नाही. इथली सगळी रचना अशीच आहे: समोर मुख्य भूमीचा उंच कणा, त्याला समांतर बेटांची रांग, आणि मध्ये अरुंद खोल पाणी. बेटं मोठी असली की त्यांच्यावर स्वतःची हिमनदी, लहान असली की डोक्यावर बर्फाची टोपी आणि कडेनं उघडा खडक. पेंग्विन त्या उघड्या खडकाच्या शोधात असतात, कारण अंडी घालायला त्यांना बर्फ चालत नाही, कोरडे खडे लागतात. माणसंही त्याच खडकाच्या शोधात होती.

आद्रियाँ द जेर्लाश हा बेल्जियमचा नौदल अधिकारी 'बेल्जिका' घेऊन जानेवारी १८९८ मध्ये इथून गेला. त्यानं या सामुद्रधुनीला आपल्या जहाजाचं नाव दिलं होतं, ते पुढे बदलून त्याचंच नाव लागलं. जहाजावर अमुंडसेन होता, पुढे दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला तोच; तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. बेल्जियमच्या मोहिमेला बेल्जियममध्ये वर्गणी मिळाली होती, त्यामुळे मोठ्या बेटांना तिथल्या प्रांतांची नावं लागली, आन्व्हेर आणि ब्राबाँ. बाकी ठिकाणं दाते, शास्त्रज्ञ, नौदलातले वरिष्ठ आणि मित्र यांच्या वाट्याला गेली. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात, तसा हा सगळा किनारा आहे. मला आधी ते खटकलं. व्याख्यातीला म्हटलंही, की इथे पाऊल न ठेवलेल्या माणसांची नावं डोंगरांना कशाला? ती म्हणाली, त्या माणसांनी पैसे दिले नसते तर इथे पाऊल ठेवायला कोणी आलंच नसतं, आणि परत देण्यासारखं या लोकांकडे दुसरं होतं काय?

तरी दोन नावं वेगळी आहेत. कार्ल ऑगुस्ट विंके हा 'बेल्जिका'वरचा वीस वर्षांचा नॉर्वेजियन खलाशी. २२ जानेवारी १८९८ ला वादळात डेकवरचं पाणी जायची भोकं मोकळी करताना तो लाटेबरोबर समुद्रात गेला. ल्यकवँत नावाचा अधिकारी दोर बांधून पाण्यात उतरला, पण त्याला वर घेता आलं नाही. त्यानंतर सापडलेल्या एका डोंगराळ बेटाला जेर्लाशनं विंकेचं नाव दिलं. दुसरं नाव एमील दाँकोचं. तो मोहिमेतला भूभौतिकीचा माणूस, त्याच हिवाळ्यात ५ जूनला जहाज बर्फात अडकलेलं असताना हृदयविकारानं गेला. बर्फाला भोक पाडून त्याला समुद्रात सोडलं. आज त्याच्या नावाचा किनारा आहे आणि बेटही. या दोघांनी कुणाला पैसे दिले नव्हते.

दुपारी विंके बेटाच्या कुशीतल्या पोर्ट लॉकरॉयला गेलो. इथे गुदिए नावाचं पिटुकलं बेट आहे, त्यावर ब्रिटिशांनी ११ फेब्रुवारी १९४४ ला तळ उभारला. युद्धकाळातली गुप्त कामगिरी, तिचं सांकेतिक नाव 'टॅबॅरिन', तेही पॅरिसमधल्या एका नाइट क्लबावरून! १९६२ मध्ये तळ बंद पडला, १९९६ मध्ये डागडुजी करून त्याचं संग्रहालय केलं, आणि आता तिथे पोस्ट ऑफिस आहे. मुलीनं आठ पोस्टकार्डं टाकली. मी एक, आमच्या जुन्या कार्यालयाच्या पत्त्यावर.

लॉकरॉय हा फ्रान्सचा राजकारणी. झाँ-बातिस्त शार्को या फ्रेंच डॉक्टरनं १९०३-०५ ची मोहीम काढली तेव्हा लॉकरॉयनं सरकारी मदत मिळवून दिली. इथपर्यंत माहितीफलकावर आहे. फलकावर नाही ते व्याख्यातीनं सांगितलं: शार्कोची पहिली बायको झान ही व्हिक्टर ह्यूगोची नात, आणि लॉकरॉय तिचा सावत्र बाप. म्हणजे बंदराला सासऱ्याचं नाव. गंमत अशी की शार्को इकडे येऊन बसला म्हणून ती वैतागली आणि १९०५ मध्ये घटस्फोट झाला. बायको गेली, सासरा नकाशावर राहिला. गुदिए मात्र शार्कोच्या जहाजावरचा मुख्य इंजिनिअर. कोळशाच्या धुरात राबलेल्या माणसाचं नाव सर्वांत लहान बेटाला आणि मंत्र्याचं बंदराला, हे वाचून मला आमच्या खात्याची आठवण झाली. पण आज हजारो लोक येतात ते गुदिएच्याच बेटावर उतरतात, हेही आहेच.

शुक्रवार, लमेर खाडी आणि पीटरमन

पहाटे साडेपाचला लाउडस्पीकरवरून उठवलं. लमेर खाडी अकराएक किलोमीटर लांब, आणि अरुंद ठिकाणी दोन्ही कडे इतके जवळ येतात की जहाज आत शिरेल असं वाटत नाही. डावीकडे मुख्य भूमी, उजवीकडे बूथ बेट. लमेर हा बेल्जियमचा माणूस, काँगोत हिंडलेला. जेर्लाशनं त्याचं नाव इथे का आणलं, तर तो त्या वेळी बेल्जियममध्ये गाजत होता. आफ्रिकेच्या उन्हातला माणूस, नाव बर्फाला. नाळेवर सगळे मुके उभे होते. खाली हिमखंडांचे तुकडे जहाजाच्या पोटाला घासत जात होते, तो आवाज हाडांत जाणवत होता.

आता ती भानगड. डालमननं तीन बेटांना बूथ, क्रोगमन, पीटरमन म्हटलं होतं. चोवीसेक वर्षांनी जेर्लाश आला आणि त्यानं याच तिघांना नव्यानं नावं ठेवली: वांडेल, होवगार आणि लुंड. वांडेल हा डेन्मार्कचा समुद्र-सर्वेक्षक, होवगार तिथलाच ध्रुवप्रवासी. मग १९०४ मध्ये शार्को आला, त्यानं पहिल्या बेटाच्या कुशीत हिवाळा काढला आणि जेर्लाशचीच नावं वापरली. पण १९०८ मध्ये 'पुर्क्वा-पा?' हे नवं जहाज घेऊन तो पुन्हा आला तेव्हा मुक्कामाचं बेट त्याच्या कागदांत 'पीटरमन' झालं. नंतरच्या नकाशांनी आणि नामसमित्यांनी जो निकाल लावला तो असा: पहिलं बेट बूथ, म्हणजे जर्मन नाव राहिलं. मधलं होवगार, म्हणजे बेल्जियनांनी दिलेलं राहिलं आणि क्रोगमन बाद. तिसरं पीटरमन, लुंड बाद. आणि बेट गमावलेल्या वांडेलला काय? बूथ बेटावरचं सर्वांत उंच शिखर, ९८० मीटरचं. सकाळच्या उन्हात ते आमच्या डोक्यावरच होतं. तीन बेटांचा एवढा समतोल निकाल मी कुठल्या तहसीलदाराच्या आदेशात वाचला नाही.

साडेआठला झोडियाकमधून, म्हणजे रबरी मोटरबोटीतून, पीटरमनवर उतरलो. एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर, हा नियम, म्हणून आमची पाळी दुसरी. उतरण्याआधी बूट जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचे, परतताना पुन्हा. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. बर्ड फ्लूमुळे आता जमिनीवर बसायचंही नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही. माझ्या गुडघ्यांना तो नियम जाचला.

उतरायची जागा म्हणजे बेटाच्या आग्नेय बाजूचं छोटं खाचर, पोर्ट सर्कमसिजन. १ जानेवारी १९०९ ला शार्कोला ही जागा सापडली. ख्रिस्ती पंचांगात तो येशूच्या सुंतेचा सण. १७३९ मध्ये त्याच तारखेला बूव्हे या फ्रेंच दर्यावर्दीनं दक्षिण अटलांटिकमध्ये एक टोक पाहून त्याला हेच नाव दिलं होतं, त्याचीही आठवण शार्कोला होती. पैसेवाला नाही, मंत्री नाही, नुसती तारीख. मला हे नाव आवडलं.

जागा आवडणं आणि तिथे नऊ-दहा महिने काढणं वेगळं. जहाज त्या खाचरात आणून चारी बाजूंनी बांधलं आणि तोंडावर तारेचे दोर ताणले, बाहेरचे हिमखंड वाऱ्यानं आत घुसून जहाज ठेचू नयेत म्हणून. आज त्या तोंडाशी उभं राहिलं की का ते कळतं. आम्ही होतो तेव्हाही एक घराएवढा हिमखंड बाहेर गोल गोल फिरत होता, आणि खाचराची रुंदी अशी की तो आत आला असता तर झोडियाक काढायला जागा उरली नसती. काठावर त्यांनी निरीक्षणासाठी खोपटी बांधली: हवामान, चुंबकत्व, भूकंप. मुक्कामाला सुरुवात होते न होते तोच शार्को आणि दोन सोबती छोट्या मोटरबोटीतून पुढची वाट बघायला गेले, शिधा अगदी थोडा, आणि बर्फानं परतीचं पाणी बंद झालं. काही दिवसांनी जहाजानं त्यांना शोधून काढलं आणि परत येताना तेच जहाज खडकावर बसलं, तळाला इजा झाली. हिवाळ्यात काही जणांना रक्तपितीनं गाठलं, खुद्द शार्कोलाही; सीलच्या ताज्या मांसानं सावरले.

खाचराच्या वरच्या बाजूला अर्जेंटिनाची झोपडी आहे, १९५५ मध्ये बांधलेली, ग्रुसाक नावाची. रंग उडालेली, दाराशी पेंग्विन. जवळच एक क्रूस. १९८२ च्या हिवाळ्यात दक्षिणेकडच्या ब्रिटिश तळावरचे तीन तरुण गोठलेल्या समुद्रावरून चालत इथे आले, वाऱ्यानं बर्फ फुटून वाहून गेला आणि ते अडकले. पुन्हा बर्फ धरल्यावर परतीला निघाले असावेत, सापडले नाहीत.

खुणेच्या काठ्यांमधून टेकडीवर चढलो. मेगालेस्ट्रिस टेकडी, पस्तीसेक मीटर. मेगालेस्ट्रिस हे त्या काळचं स्कुआ पक्ष्याचं शास्त्रीय नाव. माथ्यावर शार्कोच्या लोकांनी १९०९ मध्ये रचलेला दगडांचा ढीग अजून आहे. त्यात शिशाची पट्टी बसवली होती. मूळ पट्टी पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे, इथे आहे ती नक्कल. आणि खरंच, ढिगाच्या वरच्या दगडावर एक स्कुआ बसला होता, खालच्या वसाहतीत कुणाचं अंडं उघडं पडतंय यावर डोळा ठेवून. शंभरावर वर्षं झाली, नाव अजून खरं आहे. देणगीदारांबद्दल हे म्हणता येत नाही.

टेकडीवरून समोर पेनोला सामुद्रधुनी, पलीकडे मुख्य भूमीचे डोंगर. त्यातल्या दोघांना शार्कोनं दक्षिण ध्रुवाच्या मागे लागलेल्या दोन इंग्रजांची नावं दिली, स्कॉट आणि शॅकल्टन. दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं, इथे शेजार कायमचा. ज्या महिन्यात शार्को हे खाचर बघत होता त्याच महिन्याच्या ९ तारखेला शॅकल्टन ८८ अंश २३ मिनिटांवरून, ध्रुव एकशे ऐंशीएक किलोमीटरवर असताना, परत फिरला होता. शार्कोला ध्रुवाची घाई नव्हती. त्याला किनारा मोजायचा होता. आमच्या धंद्यातला माणूस, असं मी मुलीला म्हटलं तर ती हसली.

उतरताना पेंग्विनांपाशी थांबलो. जेंटू जातीचा एक पेंग्विन खडा चोचीत धरून चालत होता. गुळगुळीत, करडा, सुपारीपेक्षा थोडा मोठा. घरट्याशी येऊन त्यानं तो मादीच्या पायाशी ठेवला, मान लववली आणि पुढचा आणायला निघाला. तो दहा पावलं जातो न जातो तोच शेजारच्यानं मान लांब करून तोच खडा उचलला आणि आपल्या बांधावर लावला. पहिला परत आला, दुसरा खडा ठेवला, मान लववली. शेजाऱ्यानं तोही नेला. माझी सगळी हयात बांध कोरण्याच्या तक्रारी मोजण्यात गेली आहे. मी अर्धा तास तिथून हललो नाही.

या पेंग्विनांचीही नोंद शार्कोच्या मोहिमेत आहे. लुई गँ या प्रकृतिशास्त्रज्ञानं याच बेटावर त्यांच्या पायात रंगीत सेल्युलॉइडच्या कड्या घातल्या, पुढच्या हंगामात तेच पक्षी परत येतात का ते बघायला. त्या वेळी इथे अ‍ॅडेली जातीचे पेंग्विन बहुसंख्य होते. अ‍ॅडेली हे नावही एका बायकोचं, द्युमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच कप्तानाच्या. आता जेंटूंची गर्दी आहे आणि अ‍ॅडेली एका कोपऱ्यात मूठभर. जवळच्या तळावरच्या नोंदींप्रमाणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली हवा सुमारे अडीच अंशांनी तापली. समुद्रावरचा बर्फ कमी झाला, आणि अ‍ॅडेलीचं जगणं त्या बर्फावर. जेंटूला मोकळं पाणी चालतं. गणती करणारे वर्षानुवर्षं येतात, आकडा एकाच दिशेनं सरकतो.

शनिवार, प्लेनो बेट

आज दक्षिणेला अर्जेंटाइन बेटांकडे जायचं होतं. पहिल्या मोहिमेला अर्जेंटिनानं केलेल्या मदतीबद्दल शार्कोनं दिलेलं हे नाव. तिथला ब्रिटिशांचा फॅरेडे तळ १९९६ मध्ये एका पौंडाला युक्रेनला मिळाला आणि व्हर्नाड्स्की झाला. ओझोनच्या थरातलं भगदाड १९८५ मध्ये जगापुढे आलं त्यात या तळावरच्या मोजमापांचाही वाटा होता. बघायची फार इच्छा होती, पण बर्फ आडवा आला. कप्तान म्हणाला नाही, म्हणजे नाही.

त्याऐवजी प्लेनो बेटाजवळ झोडियाकनं फिरलो. उथळ पाण्यात रुतलेले हिमखंड: कमानी, बुरुज, निळ्या भेगा. पोल प्लेनो हा शार्कोचा मित्र आणि पहिल्या मोहिमेचा छायाचित्रकार. शार्कोनं त्याला येतोस का विचारलं तेव्हा त्यानं उलट तारेनं कळवलं की कुठेही, केव्हाही, हवं तितके दिवस. शार्कोनं होवगार बेटाच्या एका टोकाला त्याचं नाव दिलं. पुढे १९५७ मध्ये अर्जेंटिनाच्या मोजणीत निघालं की ते टोक नाहीच, मध्ये पाणी आहे. टोकाचं बेट झालं. प्लेनोला बढती मिळाली.

रविवार आणि सोमवार, परतीचा ड्रेक

समुद्र शांत होता, ही आमची पुण्याई. जेवणाच्या टेबलावर एका जर्मन गृहस्थांनी विचारलं, तुमच्या देशाचं इथे काही आहे का? आहे की, पण खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाचं आपलं राष्ट्रीय केंद्रही गोव्यातच, वास्कोला आहे. 'दक्षिण गंगोत्री' हा पहिला तळ बर्फाखाली गाडला गेला. मग 'मैत्री', मग २०१२ मध्ये 'भारती'. एकाही तळाला माणसाचं नाव नाही, हे मी त्यांना जरा ताठ मानेनं सांगितलं. मुलीनं फोनवर बघून लगेच दुरुस्ती केली की मैत्रीजवळच्या तळ्याचं नाव प्रियदर्शिनी आहे. गृहस्थ हसले. मी सूप प्यायलो.

रात्री व्याख्यातीचं शेवटचं भाषण शार्कोवर होतं. सप्टेंबर १९३६ मध्ये 'पुर्क्वा-पा?' आइसलँडजवळ वादळात फुटलं, त्यात तो बुडाला. सगळ्या जहाजावरचा एकच खलाशी वाचला. मंत्री, सासरा, इंजिनिअर, मित्र, दुसरी बायको मार्गरीत (तिच्या नावाचा मोठा उपसागर आहे) या सगळ्यांना त्यानं नावं वाटली. १९१० मध्ये बर्फाआड लांबून दिसलेल्या एका जमिनीला त्यानं शार्को हे नाव दिलं, तेही स्वतःचं नाही. त्याचे वडील प्रख्यात मज्जातंतुतज्ज्ञ होते, त्यांचं. त्याला ती मुख्य भूमी वाटली होती. १९२९ मध्ये विल्किन्स हा ऑस्ट्रेलियन ध्रुवप्रवासी विमानातून तिला वळसा घालून आला आणि ते बेट ठरलं. शार्को भूमीचं शार्को बेट झालं.

"फेरफार नोंदवला की झालं," मी म्हणालो.

"आणि मोजणीची फी कुणी भरली?" मुलीनं विचारलं.

तेही व्याख्यातीला माहीत होतं. विल्किन्सच्या मोहिमेचा खर्च हर्स्ट या अमेरिकन वर्तमानपत्रांच्या मालकानं उचलला होता. त्याच्याही नावाचं बेट आहे, द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूला.